दहा बाय दहाची उघडी माती ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

यंदाच्या दिवाळीत मी आयुष्यात पहिल्यांदा माती विकत आणली. रोपवाटिकेतून लाल मातीच्या तीन गोण्या, रिक्षात घालून. रिक्षावाल्या दादांनी विचारलं, "मावशी, कुंड्या भरायच्यात का?" मी म्हटलं, "नाही, नातवाला किल्ला बांधायचाय." ते काही बोलले नाहीत. पण उतरल्यावर तिन्ही गोण्या त्यांनीच उचलून लिफ्टपर्यंत आणून दिल्या आणि त्याचे वरचे पैसे देऊ केले तर घेतले नाहीत. तेव्हापासून हे पत्र मनात घोळतंय. थोडं लांबलं आहे, जमेल तेवढं छापावं ही विनंती.

मी ५५ वर्षांची. १९९२ साली लग्न होऊन डोंबिवलीत आले, तेव्हापासून घरीच ब्लाऊज शिवते. माहेर वरळीच्या बीडीडी चाळीतलं. माझा नातू सात वर्षांचा आहे, दुसरीत शिकतो. २०२५ च्या जुलैत, ११ तारखेला, शिवरायांच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारशात स्थान मिळालं, तेव्हा त्याच्या बाईंनी वर्गात सगळी नावं पाठ करून घेतली. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतला जिंजी. एका दमात म्हणतो. ऐकताना ऊर भरून येतो. पण दिवाळीच्या सुट्टीत बाजारात गेलो आणि दुकानाबाहेर मांडलेल्या प्लास्टरच्या तयार किल्ल्यापाशी तो थांबला. "आजी, हा घेऊया, प्रतापगडच आहे," म्हणाला. मी म्हटलं, "किल्ला विकत घेत नाहीत रे, बांधतात." त्यावर त्याने अगदी साधा प्रश्न विचारला. "कुठे?"

मला उत्तर देता आलं नाही.

आमच्या संकुलात खाली सगळीकडे पेव्हर ब्लॉक आहेत. चार झाडं आहेत, त्यांच्याही बुंध्याला सिमेंटचं गोल आळं घातलेलं. आवाराची देखभाल पाहणाऱ्यांना विचारलं, तर ते म्हणाले, चिखल होतो, ब्लॉकच्या फटीत माती बसली की निघत नाही, पाणी मारलं की गाड्यांच्या चाकांनी सगळीकडे पसरते. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. झाडायचं-धुवायचं त्यांच्याच माणसांना असतं. पण ऐंशी-नव्वद घरांच्या आवारात मुलाला मूठभर माती मिळू नये, याचं मला फार वाईट वाटलं. मग गोण्या आणल्या आणि आमच्या गॅलरीतच किल्ला घातला.

किल्ल्याचं एवढं काय घेऊन बसलात, असं कुणाला वाटेल. म्हणून १९८२ सालची दिवाळी सांगते.

वरळीच्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकात सरकारने बांधल्या. एकट्या वरळीत १२१ इमारती. तळमजला आणि वर तीन मजले, मधून लांब अंधारा बोळ, बोळाच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा खोल्या, म्हणजे एका इमारतीत ८० बिऱ्हाडं. खोली १६० चौरस फुटांची. आमच्या खोलीत आईबाबा, आजी, मी, धाकटा भाऊ आणि आईच्या खानावळीत जेवायला येणारे सात जण. ते पाळीनुसार येत, म्हणून मावत. बाबा गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर कापड विणायच्या खात्यात होते. दिवाळीच्या आधी बोनस मिळे, त्यातून कपडे, रवा-बेसन, आणि आम्हा दोघांना किल्ल्यासाठी चार चित्रं. मातीच्या मावळ्यांना आम्ही 'चित्रं'च म्हणायचो.

दोन इमारतींच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यात दर दिवाळीला किल्ले उभे राहत. प्रत्येक चाळीचा एक तरी असायचाच. पण तो मुलांचा असायचा. मुलींनी दारात रांगोळी काढायची आणि किल्ल्याला लागणारी माती घमेल्यात भरून आणून द्यायची. चाळीजवळच्या जांबोरी मैदानाच्या कडेची माती मी आठव्या वर्षापासून वाहत होते. थापायला मात्र कधी हात लावू दिला नव्हता.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार घरी बसले. तेव्हा मी १२ वर्षांची आणि भाऊ ९ वर्षांचा. पहिले महिना-दोन महिने चाळीत नुसता जोर होता, सभा, मोर्चे, घोषणा. मग हळूहळू एकेका खोलीला कुलूप दिसू लागलं. माणसं बायकापोरांना घेऊन गावी गेली, सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडे. खानावळीतले सातही जण गेले, म्हणजे आईच्या हातचे पैसेही थांबले. वाण्याची वही भरली. आजीच्या पाटल्या कधी गेल्या ते आम्हा मुलांना कळलंही नाही, तिचे रिकामे हात पाहून कळलं.

बाबा बोलायचे थांबले होते. सकाळी उठून कपडे करून बसत. पाळीची वेळ झाली की दारात जाऊन उभे राहत आणि परत येऊन बसत. गिरणीचा भोंगा वाजत नाही म्हणून झोप लागत नाही, असं आजीला एकदा म्हणालेले मी ऐकलं होतं.

दिवाळी आली. चाळीतली निम्मी मुलं गावी. किल्ला बांधायला हात नाहीत. तेव्हा माझा भाऊ आणि वरच्या मजल्यावरचे दोघे माझ्याकडे आले, "ताई, तू पण ये." किल्ल्यात मी अशी शिरले.

आम्ही चौघांनी विटांचे तुकडे आणि दगड रचले, त्यावर रेशनचं जुनं गोणपाट भिजवून टाकलं आणि पातळ चिखलाने लिंपायला घेतलं. तासाभरात पुढची बाजू ढासळली. पुन्हा लिंपली, पुन्हा ढासळली. बाबा वरच्या खिडकीतून बघत असावेत. खाली आले, काही न बोलता उकिडवे बसले आणि चिखल बोटांत धरून बघितला. "पाणी जास्त झालंय. आणि माती चाळली नाही." घरातून पिठाची जुनी चाळण मागवली. आजी ओरडली, पण दिली. चाळलेल्या मातीत मूठभर भुसा आणि काथ्याचे बारीक तुकडे मिसळायला लावले. "नुसती माती उभी राहत नाही, तिला धरायला आत काहीतरी लागतं," म्हणाले. तो थर मात्र ढासळला नाही.

आमचं गाव जावळी खोऱ्यात. बाबा १२ वर्षांचे असताना, १९५७ साली, पंडित नेहरूंच्या हस्ते प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याचं अनावरण झालं, तेव्हा माझे आजोबा त्यांना गावाहून चालत घेऊन गेले होते. तेव्हा संयुक्त महाराष्ट्राचं आंदोलन पेटलेलं, घाटात निदर्शनं करणाऱ्यांची तोबा गर्दी. गर्दीत हात सुटू नये म्हणून आजोबांनी स्वतःच्या धोतराचा सोगा बाबांच्या मनगटाला बांधला होता. ही गोष्ट आम्हाला त्या दिवशी किल्ला लिंपताना पहिल्यांदा कळली. बाबांना जवळून बघितलेला गड तो एकच, म्हणून आमचा किल्ला प्रतापगड ठरला.

दरवाजा करायची वेळ आली. आम्ही आपला समोरासमोर, रस्त्याच्या शेवटी, काडेपेटीचा दरवाजा बसवला. बाबांनी तो काढला. दोन्ही हात माझ्यासमोर धरले. डावा तळवा उभा, बोटं किंचित आत वळलेली. उजवा त्याच्यापुढे आडवा आणून तसाच वळवला, मधे चिंचोळी वाट राहिली. "आता समोरून बघ, दरवाजा दिसतो?" दिसत नव्हता. "याला गोमुखी म्हणतात. शत्रूला दार कुठाय तेच कळत नाही. आणि कळून आत वळला, तरी हत्तीला मागे सरून धडक मारायला जागाच नाही. वरून दोन्ही बुरुजांवरचे मावळे त्याला टिपणार." मी त्यांच्या तळहातांच्या मधल्या वाटेत बोट घालून वळवून बघितलं. साच्यावर तुटलेले धागे सांधून सांधून त्यांच्या बोटांच्या टोकांना गुळगुळीत घट्टे पडले होते, ते हाताला लागले. पुढे दहावीत इतिहासाला गोमुखी दरवाजावर प्रश्न नव्हता. असता तर मी पानभर लिहिलं असतं.

बुरूज आम्ही चहाच्या ग्लासात चिखल दाबून, उपडा करून पाडले. तटाच्या चर्या, म्हणजे वरचे कंगोरे, फूटपट्टीने आणि जंग्या, म्हणजे बंदुका रोखायची भोकं, पेन्सिलच्या टोकाने. गेरू आजीकडे होताच. चित्रं नवी आणायची नव्हती, म्हणून गेल्या वर्षीची काढली. हात तुटलेले मावळे, एका तोफेला चाक नाही, महाराजांच्या सिंहासनाची एक बाजू गेलेली. बाबांनी कणकेची खळ शिजवली, त्यात चिमूटभर मोरचूद घातलं, उंदीर-झुरळं लागू नयेत म्हणून, आणि कागदाचे बारीक गोळे करून ज्याचा त्याचा हात ज्याच्या त्याला बसवून दिला. त्याच खळीने कंदीलही झाला. बांबूच्या कामट्या आणि पतंगाचा कागद. पिवळा कागद पुरला नाही म्हणून एक पाकळी वर्तमानपत्राची लावली. रात्री आत दिवा लावला की त्या पाकळीतली अक्षरं उजळत.

हिरवळीसाठी काय पेरायचं यावर भावाचं आणि माझं भांडण झालं. तो म्हणत होता मोहरी, सगळे मोहरीच टाकतात. आजीने हळीव काढून दिले. हळीव भिजले की त्यांना बुळबुळीत गर सुटतो आणि ते मातीला चिकटून बसतात, कितीही उभा कडा असो, घसरत नाहीत. मोहरी घरंगळून पायथ्याशी जमते आणि डोंगर टकला राहतो. वसुबारसेच्या चार दिवस आधी टाकले, रात्री वर ओलं फडकं घातलं, आणि धनत्रयोदशीला सकाळी बघते तर अख्खा कडा पोपटी. माझी मुलगी बाळंत झाली तेव्हा हळिवाचे लाडू वळताना बोटांना तो बुळबुळीतपणा लागला आणि मला प्रतापगड आठवला.

कारंजं ही तेव्हाच्या चाळीची शान. शेजारच्या काकू इस्पितळात आया होत्या. त्यांच्याकडची सलाईनची नळी उकळत्या पाण्यातून काढून वापरायचे. (आज असं करू नये. औषधाच्या दुकानात नवी नळी मिळते, माशांच्या टाकीचीही चालते.) बाटली पहिल्या मजल्याच्या गजाला टांगली, नळी भिंतीवरून खाली, मातीतून तळ्यात, टोकाला रिकामी रिफील. नळीची चकती सोडली की पाणी उसळे. भाऊ तिसऱ्या मजल्यावर बाटली घेऊन गेला तेव्हा ते केवढं उंच गेलं! पाणी जितक्या उंचावरून येतं साधारण तितकं उसळी मारायला बघतं, हे आम्हाला तिथे कळलं. भाऊ पुढे प्लंबिंगच्या कामात गेला. त्याचं मूळ त्या नळीत आहे असं तो अजून म्हणतो.

त्या दिवाळीला घरात नवा कपडा नव्हता. करंज्या नव्हत्या. शंकरपाळे होते, तेही डालडा पुरवून पुरवून. पण बाबा दिवसभर आमच्याबरोबर होते. एरवी दिवसपाळी, रात्रपाळी यांत आम्हाला ते झोपलेले नाहीतर निघालेलेच दिसायचे. संपाने आमच्या घराचं जे झालं ते झालं. बाबा पुन्हा कधी साच्यावर उभे राहिले नाहीत, पुढे २० वर्षं त्यांनी वॉचमनची नोकरी केली आणि २००९ साली ते गेले. मी संपाला चांगलं म्हणत नाही. पण माझे वडील मला हाताशी मिळाले ते त्या आठ दिवसांत, चिखलात, हे खरं आहे आणि ते मला कुठेतरी लिहून ठेवायचं होतं.

तुळशीचं लग्न झालं की मुलं किल्ल्यात सुतळी बॉम्ब लावून तो उडवून देत. त्या वर्षी बाबांनी ते करू दिलं नाही. आम्ही हातांनी किल्ला उतरवला, चित्रं कागदात गुंडाळली, आणि माती घमेल्याने जांबोरी मैदानात नेऊन जिथून उचलली होती तिथे टाकली.

आता या वर्षीचं. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या, त्यात माझा भाऊ आहे. १६० चौरस फुटांतून ५०० चौरस फुटांत. चाळ गेली म्हणून गळा काढणाऱ्यांपैकी मी नाही. माझी आई ७८ वर्षांची आहे. गुडघे गेलेले. त्या अंधाऱ्या बोळातून टोकाच्या संडासापर्यंत भिंत धरत जाताना मी तिला बघितलं आहे, पहाटे पाण्याच्या रांगेत उभी राहताना बघितलं आहे. नव्या घरात गेल्यावर तिने आधी देवघर बघितलं नाही. न्हाणीघराचं दार उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं आणि म्हणाली, "आतून कडी आहे." या एका कडीसाठी तिने ५७ वर्षं वाट पाहिली. ज्यांनी ज्यांनी हे घर तिच्यापर्यंत पोचवलं त्यांचे आभारच मानायला हवेत.

भाऊबीजेला मी नातवाला घेऊन तिकडे गेले. जाण्याआधी आमचा गॅलरीतला किल्ला कसाबसा उभा राहिला होता. फळांच्या दोन लाकडी पेट्या, खाली प्लास्टिक, वर गोणपाट. पहिल्याच दिवशी प्लास्टिक कुठेतरी फाटलं आणि लाल पाणी खालच्या गॅलरीत, नेमकं त्यांच्या वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीवर. त्या वहिनी वर आल्या. मी आधी माफी मागितली, चादर मागून घेतली आणि धुऊन, कडक इस्त्री करून परत दिली. त्या पाच मिनिटं किल्ल्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आम्ही नाशिकला राजगड करायचो." दुसऱ्या दिवशी त्यांच्या दोन मुली आमच्याकडे. तिसऱ्या दिवशी मजल्यावरची आणखी तीन मुलं. साडेतीन फुटांच्या गॅलरीत सहा मुलं आणि एक प्रतापगड. एकाचा हात पोचला तर दुसऱ्याचा पाय तटावर. बुरूज पाडायला रांग लावावी लागली. नातवाला मी माझे दोन तळवे धरून गोमुखी दाखवला. त्याने बोट घालून वळवलं, अगदी मी वळवलं होतं तसं. मग त्याने स्वतःचे तळवे धरले आणि त्या दोन मुलींना दाखवला.

एका मुलीने माझ्या कानात विचारलं, "आज्जी, माती हाताला लागली तर डेटॉल लावायचं का?" नऊ वर्षांची मुलगी. चिखलात हात घालायची तिची ती पहिलीच वेळ होती. मी म्हटलं, "नाही गं, पाण्याने धुतली की जाते." तरी तिने तो हात बराच वेळ अंगापासून लांब धरून ठेवला होता. तिसऱ्या दिवशी तीच कोपरापर्यंत माखलेली.

वरळीला भाऊ चोविसाव्या मजल्यावर राहतो. ओवाळणी झाली, जेवणं झाली, आणि आई नातवाला, म्हणजे तिच्या पणतवाला, घेऊन गॅलरीत उभी होती. मला हाक मारली. खाली अजून न पाडलेल्या चाळी दिसतात, जुनी छपरं, टाक्या, वाळणारे कपडे. तिने दोन इमारतींच्या मधल्या पट्ट्याकडे बोट दाखवलं. "तिथं बघ." तिथे किल्ला होता. तांबूस ढीग, एका बाजूने हिरवा, कडेने रांगोळीचा पांढरा रस्ता, भगवा ठिपका. चार-पाच मुलं भोवती वाकलेली. एवढ्या उंचावरून माणसं बारीक दिसत होती आणि त्यांच्यामुळे किल्ला खराच वाटत होता, महाबळेश्वरच्या कड्यावरून प्रतापगड दिसतो तसा. आई म्हणाली, "मी रोज बघते. काल कारंजं चालू केलं त्यांनी." मग थोड्या वेळाने म्हणाली, "पुढच्या वर्षी ते पण वर येतील. मग कुठं बांधतील?"

सात वर्षांच्या मुलाने आणि त्याच्या ७८ वर्षांच्या पणजीने आठवड्याभरात मला एकच प्रश्न विचारला. म्हणून हे पत्र.

आमच्या डोंबिवलीच्या संकुलाचाही आता पुनर्विकास होणार आहे. सभासदांनी आपापल्या मागण्या लेखी द्याव्यात असं सांगण्यात आलं आहे. लोकांनी व्यायामशाळा मागितली, क्लब हाउस मागितलं, दुसरी गाडी लावायला जागा मागितली, एकाने गच्चीवर पोहण्याचा तलाव मागितला. मागावं, आपलं घर आहे. मी एकच ओळ लिहिली: आवारात दहा फूट बाय दहा फूट जागा उघड्या मातीची ठेवावी, तिच्यावर लादी, ब्लॉक, कृत्रिम हिरवळ काहीही घालू नये, आणि ती मुलांना खणायला द्यावी.

सभेत आक्षेप आले. मच्छर होतील. मांजरं घाण करतील. चिखलाचे पाय लिफ्टमध्ये येतील. जागेचा भाव काय चालला आहे, शंभर चौरस फूट म्हणजे चेष्टा आहे का. मी टेप घेऊनच गेले होते, शिवणाची. खाली उतरून एका गाडीसाठी आखलेला पांढरा चौकोन मोजला. साडेआठ फूट रुंद, सोळा फूट लांब. म्हणजे १३६ चौरस फूट. मी मागते आहे ती जागा एका गाडीपेक्षा कमी आहे. मच्छर साचलेल्या पाण्यावर होतात, मोकळ्या मातीत पाणी जिरतं. पायांसाठी मातीशेजारी एक नळ आणि एक कडाप्पा बसवा, मुलं पाय धुऊन येतील. मांजराचं म्हणाल, तर आमच्या १९८२ च्या प्रतापगडावर चाळीची मांजर चार रात्री झोपली होती, बालेकिल्ल्यावर. सकाळी तिने दाबलेली जागा आम्ही पुन्हा लिंपायचो.

किल्ला दिवाळीचे दहा-पंधरा दिवस. बाकीचं वर्षभर त्या मातीत मुलं काय करतील ते मुलं ठरवतील. गोट्यांची गल खणतील. पावसाळ्यात सळई रोवत जातील. आंब्याची कोय पुरून रोज उकरून बघतील. मोठ्यांनाही उपयोग आहे. तुळशीची माती बदलायची असते, कुंडीतलं मेलेलं रोप टाकायचं असतं, श्रावणात कुणाला पत्रीसाठी दूर्वा लावायच्या असतात.

अनेक ठिकाणी मंडळं किल्ले बांधण्याच्या स्पर्धा घेतात, त्यांचं मला मनापासून कौतुक आहे. त्यांच्यामुळे हे टिकलं आहे. पण स्पर्धेचा किल्ला मोठी मुलं बांधतात, नकाशा समोर ठेवून, प्रमाणात. तो बघायला लहानांनी दोरीच्या बाहेर उभं राहायचं असतं. सात वर्षांच्या मुलाला वेडावाकडा, ढासळणारा, स्वतःचा किल्ला हवा असतो, आणि तो घरापासून हाकेच्या अंतरावर हवा, म्हणजे आईने जेवायला बोलावलं तर ऐकू जाईल.

मुंबई, ठाणे, कल्याण-डोंबिवली, पुणे, सगळीकडे आज हजारो कुटुंबं पुनर्विकासाच्या कागदांवर सह्या करत आहेत. माझ्यासारख्या कितीतरी जणी असतील. त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे की सही करण्याआधी नकाशात बोट ठेवून विचारा, माती कुठे आहे? नंतर मागून मिळत नाही. एकदा खाली दोन मजली वाहनतळ झालं की वर उरतो तो स्लॅब. त्यावर घातलेल्या फूटभर मातीत हिरवळ उगवते, पण कुदळ मारू देत नाहीत, खालचं गळेल म्हणून. महापालिकांनाही विनंती आहे की प्रत्येक उद्यानातला एक कोपरा वसुबारसेपासून तुळशीच्या लग्नापर्यंत मुलांना किल्ल्यासाठी मोकळा करून द्यावा. एका पाण्याच्या नळापलीकडे त्याला काही खर्च नाही.

आमची पुढची सभा जानेवारीत आहे. खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी माझ्या अर्जावर सही केली आहे. मुलांच्या सह्या चालत नाहीत असं कळलं, तरी सहाही जणांनी मागच्या बाजूला केल्या आहेत. वहिनींच्या दोन मुलींतल्या धाकटीने नावाखाली बुरूज काढला आहे.

तुळशीचं लग्न झालं, किल्ला उतरवला. नातवाने मावळे कागदात गुंडाळून शिवणाच्या मशीनच्या खणात ठेवले. मग त्याने विचारलं, आता माती कुठे नेऊन टाकायची. खाली टाकायला जागा नाही. पुन्हा तिन्ही गोण्यांत भरली आहे आणि गोण्या गॅलरीत भिंतीला लावून ठेवल्या आहेत. त्यातल्या एकीच्या तोंडातून काल हळीव उगवून आलेले दिसले.

आपली विश्वासू,
एक वाचक, डोंबिवली (पूर्व)